मागाचे चार खिळे

टक्.

चार दिवस मुक्या पडलेल्या घरात एवढाच आवाज झाला. मागाच्या बाकावर राहून गेलेली लोकरीची कांडी खाली पडली, आणि गडगडत, मध्येच जरा वळण घेत चुलीजवळच्या पाळण्याशी जाऊन थांबली. त्या खोलीची जमीनच तशी होती, चुलीकडे उतरती. सांडलेलं दूध, निसटलेला वाटाणा, पोरीचा भोवरा, सगळं शेवटी तिकडेच जायचं.

ॲनिसने मान वर केली. मागाच्या खालून थॉमसिनने डोकं बाहेर काढलं.

“मी नाही पाडली,” ती म्हणाली. “तिची तीच पडली.”

ॲनिसने असू दे म्हटलं आणि कांडी उचलून ओच्यात टाकली. पाळण्यातला रूबेन झोपेतच ओठ हलवत होता. तो सहा महिन्यांचा, थॉमसिन पाच वर्षांची. बापाला चर्चमागच्या मातीत ठेवून आल्यापासून ही पोर दिवसभर मागाखालीच बसून असायची. डोक्यावर अर्धी विणलेली राखाडी बनात, जाड लोकरी कापड, ताणलेली, तिला ते घराच्या आतलं घर. बाप एडमंड विणायला बसला की ती तिथून त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायची. मग तो उठताना मुद्दाम धडपडायचा, आणि आज कुणी भुताने गाठ मारली बुवा, असं म्हणायचा. त्याला ते भूत एकदाही सापडलं नव्हतं.

आता मागाच्या पावड्यांवर पाय नव्हते. उद्या सकाळी पंच येणार होते, मेलेल्या माणसाच्या घरातली एकेक वस्तू पाहून यादी करायला.

एडमंडने मृत्युपत्र केलं ते जायच्या तीन दिवस आधी, वरच्या खोलीत, उशीला टेकून. इंग्लंडातल्या सडबरी गावातला कुठलाही कारागीर असंच करायचा. धडधाकट असताना मृत्युपत्र करणं म्हणजे मरणाला जेवायला बोलावणं, असं सगळे मानत. चर्चचा कारकून ऑल्डस मांडीवर फळी घेऊन लिहीत होता. पायथ्याशी गिल्बर्ट उभा होता, एडमंडच्या पहिल्या बायकोचा मुलगा, ॲनिसपेक्षा चार वर्षांनी मोठा. दारात त्याची बायको ज्युडिथ, हाताची घडी घालून.

आधी आत्मा देवाला आणि देह मातीला. मग घर गिल्बर्टला, कारण घर आजोबांचं आणि तो थोरला. तिथवर कुणाला काही नवं नव्हतं. मग एडमंडने डोळे मिटले आणि हळूहळू सांगायला लागला. ॲनिसला वरची खोली, तिच्या हयातीत, जोवर ती त्याची विधवा राहील तोवर. विहिरीवर जायला-यायला मागच्या दारची वाट, ती कुणी अडवायची नाही. चुलीपाशी बसायला जागा, धुराच्या बाजूची नव्हे, दुसरी. सफरचंदाच्या झाडाची विहिरीवर झुकलेली बाजू. तीन कोंबड्या, तिने निवडून घ्यायच्या.

ऑल्डसने लेखणी थांबवली. “निवडून, हेसुद्धा लिहू?”

“लिही. ती तांबडी अंडी घालत नाही. नाही लिहिलंस तर तीच हिच्या गळ्यात येईल.”

ज्युडिथने छताकडे पाहिलं. गिल्बर्टला हसू आलं होतं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

शेवटी एडमंड म्हणाला, की घरातल्या ज्या वस्तू हलवता येतात त्या सगळ्या ॲनिसला, पोरांना वाढवण्यासाठी. एवढं बोलताना त्याला धाप लागली. त्याने हात पलंगाखाली सोडला आणि बोटांच्या पेरांनी जमिनीच्या फळीवर दोनदा वाजवलं. ठक्, ठक्. मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ऑल्डसने पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, हीच तुझी इच्छा ना? एडमंडने मान हलवली. लिहिता न येणारे लोक कागदावर फुली मारतात, त्याने विणकराच्या धोट्याचं चित्र काढलं, दोन्हीकडे टोक असलेलं. धोटा बरा निघाला.

नंतर किती वेळा ॲनिसने ते मनात वाचून पाहिलं होतं. तिला वाटायचं, अंथरुणावर पडल्या पडल्या माणूस घरभर फिरून आला. चुलीशी गेला, धूर कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं. मागच्या दाराने विहिरीवर गेला, झाडाखाली थांबला, खुराड्यात वाकून डोकावला. सगळीकडे तिला हात धरून नेलं आणि हे तुझं, हे तुझं म्हणत राहिला. इतकं कुणी कुणासाठी जिवंतपणीही करत नाही.

दुपारी शेजारची मार्जरी काकू वाटाण्याचं कढण घेऊन आली. तिने स्वतः दोन नवरे पुरले होते, त्यामुळे या बाबतीत गल्लीत तिचा शब्द चाले. तिने मृत्युपत्राचं सगळं काढून घेतलं. विधवा राहील तोवर, हे ऐकून तिने नाक मुरडलं.

“नवरे जातात, पण दाराशी कुत्रं बांधून जातात. बरं, मागाचं काय?”

माग माझाच की, ॲनिस म्हणाली. तिला त्यात शंकाच नव्हती. सात वर्षांपूर्वी गिल्बर्टने लग्न करून वेगळा संसार थाटला तेव्हापासून त्या बाकावर एडमंडच्या शेजारी तीच बसत होती. बनातीचा माग रुंद, एका माणसाचा हात पुरत नाही. एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा, आणि फणी दोघांनी मिळून ओढायची. मजुरीने एखादी पोरगी शेजारी बसवली की काम चालू राहणार होतं. लोकर देणारा व्यापारी स्वतःचा माग असलेल्यालाच सूत देतो. माग नसेल तर चरखा, आणि चरख्यावर मीठ सुटतं, भाकरी सुटत नाही.

मार्जरी उठून मागापाशी गेली, गुडघे धरत खाली वाकली. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली.

“पोरी, हा खिळलेला आहे.”

“हो. मग?”

“मग काय. माझा बाप गेला तेव्हा आईला सगळ्या हलत्या वस्तू मिळाल्या. आणि पाव ठेवायची फळी भावाला गेली, भिंतीला ठोकलेली होती म्हणून. बाक गेला. दाराचं कुलूप गेलं. जे खिळलं ते घराचं, आणि घर ज्याचं त्याचं ते. पंच तेवढंच बघतात. हलवून बघतात. हललं तर तुझं, नाही हललं तर गिल्बर्टचं.”

ॲनिसच्या हातातला चमचा कढणातच राहिला.

चार खिळे होते, वीतभर लांब, मागाच्या चारही पायांतून जमिनीच्या तुळयांत गेलेले. आधी नव्हते. माग फणीच्या प्रत्येक ठोक्याला केसभर सरकायचा, उताराच्या बाजूने. शनिवारी एडमंड पहार लावून तो मागे ढकलायचा, आणि सोमवारी पुन्हा तेच. थॉमसिन झाली त्या हिवाळ्यात पाळणा चुलीजवळ ठेवला, कारण खोलीत ऊब तेवढ्याच कोपऱ्यात. एके संध्याकाळी एडमंड विणून उठला तर मागाचा पाय पाळण्याच्या फळीला टेकला होता. फक्त टेकला होता, पोर झोपलेलीच होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच लोहाराकडे गेला आणि चार खिळे घेऊन आला. ठोकताना दर घावाला थांबून पाळण्याकडे बघत होता, जागी झाली का म्हणून.

घरभर हिंडून आलेला माणूस या एकाच ठिकाणी गेला नव्हता. जिथे तीस वर्षं बसला तिथे. गेला असता तर खिळे दिसले असते.

“दार लाव आणि पक्कड आण,” मार्जरी म्हणाली. “माझ्या घरी आहे, देते. भोकांत मेण भर, वर कचरा लोट. कोण बघतंय?”

ॲनिसने दार लावलं नाही. यादी झाली की कोर्टात जाऊन पवित्र पुस्तकावर हात ठेवायचा होता, यादी खरी आहे म्हणून. तो हात तिचा असणार होता, एडमंडने मृत्युपत्राची जबाबदारी तिच्यावरच टाकली होती. मार्जरीने तिच्या मनातलं ओळखलं. शपथेने पोरांचं पोट भरतं का, असं पुटपुटत ती गेली, आणि थोड्या वेळाने पक्कड उंबरठ्यावर ठेवून परत गेली.

सकाळी ॲनिसने रूबेनला पाजलं, थॉमसिनला सातूच्या पावाचा तुकडा दिला आणि मागाच्या मागच्या पायाशी गुडघे टेकले. खिळ्याचं डोकं लाकडात बसलेलं होतं, पण तिच्या हातात जोर होता. फणी ओढणारे हात ते. पहिला खिळा किरकिरत वर आला. सरळ होता, गंजलेला, आणि टोकाकडे मात्र अजून चकचकीत. तो तिने ओच्यात टाकला.

दुसऱ्याला पक्कड लावायला हात होईना. एडमंडला काय हवं होतं हे तिला स्वच्छ माहीत होतं. पण कागदावर ते नव्हतं, आणि आता ती कागद खरा करायला घर बदलत होती. तिला वाटलं, हे त्याच्या मनासारखं करणं आहे, की तो नसताना त्याच्या पाठीमागे त्याचं काम उसवणं आहे? त्याने ठोकलेली वस्तू आजवर तिने कधी उपटली नव्हती.

“आई, बाबा रागावतील,” थॉमसिन म्हणाली. मग तिला काय आठवलं कोण जाणे, ती पाव चावत राहिली.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. गिल्बर्ट आत आला, काखेत चीजचा गोळा. पंचांना काहीतरी खायला लागेल म्हणून आणलं, असं म्हणता म्हणता त्याला ती दिसली, पक्कड दिसली, आणि तिच्या ओच्यातला खिळाही.

ॲनिसने काही लपवलं नाही. लपवायला उशीर झाला होता.

गिल्बर्टने चीज ओट्यावर ठेवलं. सात वर्षांत त्याने तिला कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. आई म्हणावं तर ती त्याच्यापेक्षा लहान, नाव घ्यावं तर बापाची बायको. त्यामुळे तो तिच्याशी बोलायचा ते नेहमी जरा बाजूला, चुलीकडे किंवा खिडकीकडे बघून. आत्ताही त्याने पाळण्याकडे पाहिलं.

“मीही याच पाळण्यात वाढलो,” तो म्हणाला. “तेव्हाही माग असाच सरकायचा. बाबा पाळणा उचलून पलीकडे ठेवायचे. तिकडे गारठा. आई सांगायची, माझं नाक बारा महिने गळायचं.” तो जरासं हसला. “माझ्या वेळी पाळणा हलायचा. थॉमसिनच्या वेळी माग ठोकला.”

हा हिशेब ॲनिसने कधी केला नव्हता. त्याने तो गेली पाच वर्षं केला होता, हे मात्र दिसत होतं.

“तेव्हा त्यांचं वय काय असेल, गिल्बर्ट,” ती म्हणाली. “वीस-एकवीस. विशीतल्या माणसाला पाळणाच हलका वाटतो.”

तो खाली बसला, तिच्यापासून जरा दूर, आणि हात पुढे केला. तिने खिळा दिला. तो त्याने उलटसुलट करून पाहिला.

“या खिळ्यांमुळे माग मला येतो. कालच ऑल्डसने सांगितलं. ज्युडिथने तर तो कुठे ठेवायचा तेही ठरवलं. आम्ही भाड्याच्या मागावर विणतो, तुम्हाला माहीतच आहे. मी रात्री झोपताना स्वतःला सांगितलं, कागदात जे आहे ते आहे. मी काही मागितलं नाही, कुणाचं काढून घेतलं नाही.”

“खरंच आहे ते.”

“नाही.” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. “त्यांनी फळीवर वाजवलं, ऐकलंत तुम्ही?”

ऐकलं होतं. ॲनिसला वाटलं होतं, हात निसटून आपटला.

गिल्बर्टने मागाच्या पायावर पेरं टेकवली आणि वाजवलं. एक हलका, एक भारी. ठक्, ठक्. मागाखालून थॉमसिनने चटकन मान वळवली. बनातीवर फणी अशीच दोनदा बसते, एकदा सूत सरकवायला, एकदा घट्ट करायला. या घरातलं झोपेतलं पोरही तो ठोका ओळखेल.

“खाली माग होता. बरोबर त्यांच्या पलंगाखाली. हलवता येतील त्या वस्तू म्हणाले आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. मला तेव्हाच कळलं. आणि मी बोललो नाही. ऑल्डस लिहून मोकळा झाला, मी बोललो नाही.”

बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या फडफडल्या. ॲनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गिल्बर्टसाठी नव्हतं आणि मागासाठीही नव्हतं. जाणारा माणूस या ठिकाणीही येऊन गेला होता, शेवटचा, आणि तिलाच त्याची पावलं ऐकू आली नव्हती.

तिने पक्कड उचलून पुन्हा खिळ्याला लावायला घेतली. गिल्बर्टने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“तुम्ही नको. तुम्हाला शपथ घ्यायची आहे. घर माझं आहे ना? माझ्या घरातला खिळा मी उपटला तर विचारणारं कोण?”

“आणि ज्युडिथ?”

“ज्युडिथ आठ दिवस बोलणार नाही.” तो दुसऱ्या पायाकडे वळला. “घरात तेवढीच शांतता.”

आणखी दोन खिळे निघाले. चौथा डोक्याशी तुटला, तेव्हा त्याने बापाची पहार आणली आणि मागाचा पाय अलगद उचलून सोडवला, बुंधा तुळईतच राहू दिला. माग मोकळा झाला तेव्हा एवढंसं कण्हला आणि दोन बोटं चुलीकडे सरकला.

पंच आले ते ऊन वर आल्यावर. ऑल्डस लिहायला, फेन चांभार आणि कॉब विणकर मोजायला. ॲनिस पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या मागे उभी होती. पितळी भांडं, परांची गादी, चार लाकडी ताटल्या, एक जुना कोट. मागापाशी येऊन कॉबने खांदा लावून ढकललं. माग हलला. कॉब जन्मभर माग ठोकत आलेला, त्याला जमिनीतली ताजी भोकं दिसली नसतील असं नाही. ॲनिस सांगायला लागली, की सकाळपर्यंत इथे खिळे होते. गिल्बर्टने तिला बोलू दिलं, आणि मग म्हणाला, घरमालकाने काढले.

कॉबने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एका भोकावर त्याने आपला बूट ठेवला.

“लिही, ऑल्डस. रुंद माग एक, सुटा. त्यावर अर्धी विणलेली बनात. आणि ते चीज नुसतं बघायला ठेवलंय का?”

ते गेल्यावर घर पुन्हा शांत झालं. बनात शनिवारी व्यापाऱ्याला द्यायची होती, आणि अजून सहा वार बाकी होती. मजुरीची पोरगी अजून मिळायची होती. गिल्बर्ट दारापर्यंत गेला आणि परत आला. टोपी काढून त्याने खुंटीला अडकवली. बाकाच्या ज्या बाजूला ॲनिस बसायची ती एके काळी त्याची जागा होती. तिकडे त्याने एकदा पाहिलं, आणि बापाच्या जागी जाऊन बसला.

ती तिच्या जागी बसली. ओच्यातली कालची कांडी तिने धोट्यात घातली. पावडी दाबली, ताणा उघडला.

“धर, ॲनिस,” गिल्बर्ट म्हणाला आणि धोटा फेकला.

तिने झेलला. दोघांनी फणी ओढली. ठक्, ठक्. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज उमटला, आणि रूबेन जागा होण्याऐवजी आणखी गाढ झोपला. पुन्हा धोटा, पुन्हा फणी. हात आपोआप चालू लागले. ॲनिसला वाटलं, आता चालेल. पोरं वाढतील.

थॉमसिन मागाखाली नव्हती. ती पाळण्यापाशी उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती. मागाचा पाय आणि पाळण्याची फळी यांच्या मधे तिने आपली वीत ठेवली होती. फणी बसली. तिने बोटं जराशी आखडली. पुन्हा फणी बसली.

“आई,” ती मान वर न करता म्हणाली, “हा परत यायला लागला. आता याला कोण धरणार?”